सत्तावीस नंबरचा टॉवर

शैलजा येलमार गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिने बसवलेलं शेवटचं यंत्र चालू झालं होतं. वाघदऱ्याच्या वीज उपकेंद्रात मोठ्या पडद्यावर चार देशांचा नकाशा असे. त्यात नेपाळच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात एक नवा हिरवा ठिपका उमटला. उपकेंद्राचे प्रमुख भानुदास येलमार तेव्हा पडद्यासमोरच उभे होते. शेजारी बसलेल्या यंत्रचालक रझिया मुजावरला ते म्हणाले, "पोचल्या बाई. आता चार दिवसांत घरी."

रझिया म्हणाली, "नकाशा बघून बायकोची खुशाली कळणारे नवरे चार देशांत तुम्ही एकटेच असाल, साहेब."

"फोन उचलत नाही ती. मग माणसाने काय करायचं?"

पावणेसहाला फोन आला. पलीकडे हरिमाया लिंबू नावाच्या बाई होत्या, ज्या शाळेत यंत्र बसलं तिथल्या मुख्याध्यापिका. हिंदीत बोलत होत्या. "दाइ," म्हणजे दादा, एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग एका दमात सांगितलं. डोंगर उतरताना जीप रस्ता सोडून नदीच्या बाजूला गेली. ड्रायव्हर वाचला. दिदी वाचली नाही.

भानुदासांनी विचारलं, "किती वाजता?"

"साडेतीनला."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ठिपका हिरवाच होता. साडेतीनपासून पावणेसहापर्यंत त्यांनी दोनदा चहा घेतला होता, आणि एकदा त्या ठिपक्याकडे बघून हसलेही होते. त्यांनी फोन ठेवला, रझियाला आपल्या खुर्चीत बसवलं आणि ते बाहेर यार्डात जाऊन उभे राहिले. डोक्यावर चारशे केव्हीच्या तारा गुणगुणत होत्या. शिफ्ट संपायला सव्वादोन तास होते. ते शिफ्ट संपवून घरी गेले.

शैलजा सांगोल्याकडची. तिचं सगळं शिक्षण भारनियमनात झालं. दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. तिचे वडील वीज मंडळाच्या कचेरीत फोन लावत आणि पलीकडचा माणूस दर वेळी एकच सांगे, "वरून गेलीय." शैलजा लहानपणी विचारायची, वरून म्हणजे कुठून? त्याचं उत्तर कचेरीत कुणाजवळ नव्हतं. पुढे ती विजेची इंजिनिअर झाली, भानुदासांशी लग्न झालं, मुलगी झाली, तरी हा प्रश्न तिने सोडला नाही.

सहवीज करार झाला तेव्हा तो प्रश्न अचानक मोठा झाला. भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश या चार देशांनी आपली विजेची जाळी एकत्र जोडली. दिवसा सोलापूरकडच्या उन्हाची वीज ढाक्याच्या गिरण्या चालवू लागली आणि संध्याकाळी हिमालयातलं पाणी सोलापूरच्या घरांत दिवे लावू लागलं. करारात नुसती वीज नव्हती. चारही देशांत एकच दर ठरला, तारतंत्र्याचा एकच परवाना चालू लागला, तंटा झाला तर निवाडा करायला एकच मंडळ नेमलं गेलं. आपल्या आयटीआयतली पोरं पोखऱ्याला कामाला जाऊ लागली आणि वाघदऱ्याच्या कॉलनीत एक भूतानी कुटुंब राहायला आलं. पण पाच वर्षांचा करार तात्पुरता होता आणि सगळ्यांच्या मनात धास्ती एकच होती. एकदा का मोठा अंधार झाला की जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवणार.

त्यावर शैलजाने साक्षी नावाचं यंत्र केलं.

त्यातलं शास्त्र समजायला अवघड नाही. एका जाळ्यात जोडलेली सगळी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात, सेकंदाला पन्नास. चार देशांतली हजारो यंत्रं, पण ठेका एक. कुठे बिघाड झाला, एखादी लाइन तुटली, की तिथला ठेका आधी ढळतो. तिथलं यंत्र शेजारच्या यंत्राला ओढतं, ते त्याच्या पुढच्याला. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला एका टोकाला झटका दिला की लाट जशी दुसऱ्या टोकाला जाते, तसा हा धक्का जाळ्यातून जातो. त्याचा वेग सेकंदाला साधारण हजार किलोमीटर. म्हणजे सोलापूरजवळ काही झालं तर ते नेपाळच्या पूर्व टोकाला पावणेदोन सेकंदांनी कळणार.

साक्षी म्हणजे डब्याएवढी एक पेटी. साध्या प्लगमध्ये लावायची. ती ठेका मोजते आणि उपग्रहाच्या घड्याळाशी ताडून धक्का नेमका कधी आला ते लिहून ठेवते. अशा सहा हजार पेट्या चार देशांत पसरल्या की कुणाला आधी कळलं, कुणाला नंतर, यावरून धक्का कुठून निघाला ते गणिताने सांगता येतं. पेट्या शैलजाने मुद्दाम शाळांमध्ये बसवल्या. सरकारी केंद्रातलं मीटर सरकारच्या ताब्यात असतं. शाळेतल्या प्लगला लावलेल्या सहा हजार पेट्यांना एकदम खोटं बोलायला कोण शिकवणार?

"आता 'वरून गेलीय' म्हणायची सोय राहिली नाही," ती म्हणायची. ती मार्चमध्ये गेली.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. वाघदऱ्याला दरवर्षी यंत्रांची पूजा होते. पॅनल पुसून हळदीकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे, आरती करायची आणि पॅनलपुढे नारळ फोडायचा. बिघाड झाला की लाइन तोडणारे जुने रिले नाजूक. नारळाच्या हादऱ्याने त्यातला एखादा उगीच पडतो आणि नसता गोंधळ होतो. म्हणून पूजेपुरता एक स्विच 'टेस्ट'वर फिरवून ठेवायचा, हा तिथला रिवाज. तो स्विच टेस्टवर असला की आपोआप भार कमी करणारी यंत्रणा झोपलेली असते. एखादी मोठी लाइन पडली तर हीच यंत्रणा डोळ्याचं पातं लवण्याआधी थोडे फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाइनी, तोडून बाकीचं जाळं वाचवते. पूजा झाली की स्विच परत फिरवायचा. वीस मिनिटांचं काम.

पूजेला प्रमुख जोडीने बसतात. नऊ वर्षं भानुदास आणि शैलजा बसले होते. या वर्षी तरुण इंजिनिअर काळुंगे आणि त्याची बायको बसली. काळुंगे म्हणाला होता, "साहेब, तुम्हीच बसा ना."

त्यावर भांडारातले म्हातारे शिंगाडे हळूच म्हणाले, "एकट्यानं कसं बसायचं असतं, बाळा?"

ते कुणी वाईट मनाने बोललं नव्हतं. भानुदास म्हणाले, "मी स्विच बघतो." चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तो स्वतःच्या हाताने टेस्टवर घेतला आणि वहीत नोंद केली. आरती सुरू झाली. कॉलनीतल्या मुलींनी पॅनलशेजारी शैलजाचा फोटो ठेवला होता, त्यालाही झेंडूचा हार घातला होता. भानुदासांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फोटो पाहिला आणि आरती संपायच्या आत ते यार्डात निघून गेले. पेढे वाटून झाले. स्विच तसाच राहिला.

पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी पश्चिमेकडून हस्ताचा पाऊस आला. आधी ढगाने सौरपार्क झाकलं, मग कुठेतरी आभाळातली वीज पडली आणि मोठी लाइन ट्रिप होऊन बंद पडली. अशा लाइनी महिन्यातून दोनदा पडतात आणि घरातल्या दिव्याला पत्ताही लागत नाही. त्या दिवशी भार कमी करणारं कुणी जागं नव्हतं. ठेका घसरत गेला. नागपूर गेलं, पाटणा गेलं. नेपाळच्या नव्या जलविद्युत केंद्राने स्वतःला वाचवायला जाळ्यातून अंग काढून घेतलं. एकवीस सेकंदांत चार देशांतली तीस कोटी माणसं अंधारात गेली. बंगालात आणि बांगलादेशात दुर्गापूजेचे मांडव विझले, नेपाळात दसैंच्या सणाची घरं विझली. इस्पितळं बॅटरीवर चालली. जीव कुणाचा गेला नाही. साडेसात तासांनी सगळं परत आलं.

स्विच कसा आहे ते भानुदासांना त्या पहिल्या मिनिटातच दिसलं. त्यांनी तो फिरवला. रझियाने ते पाहिलं. दोघं लाइट परत आणायच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दसरा. टीव्हीवर आपले मंत्री सांगत होते, नेपाळचं केंद्र ऐनवेळी बाहेर पडलं म्हणून अंधार झाला, आता कराराचा फेरविचार करावा लागेल. करार कायमचा करायचा की मोडायचा, यावर बारा दिवसांनी काठमांडूत चारही देशांचं मतदान होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून मुख्य अभियंता निरंजन पाठारे आले. हातात साक्षीचा अहवाल होता. सहा हजार पेट्यांनी मिळून एक जागा दाखवली होती. ती नेपाळात नव्हती, वाघदऱ्याच्या वायव्येला अकरा किलोमीटरवर होती.

"बघा येलमार," पाठारे खुर्चीवर बसत म्हणाले, "तुमचं उपकेंद्र इथे. अहवालातली जागा तिथे. मी नकाशा काढून बघितला. ज्वारीचं रान आहे. तिथे केंद्र नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. म्हणजे यंत्र चुकलं."

"यंत्र चुकलेलं नाही, सर."

"आपल्या भागातल्या चाळीस पेट्यांची घड्याळं कुणी लावली होती?"

"शैलजाने. जानेवारीत."

पाठाऱ्यांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते, वरून दबाव होता. "मग झालं तर. लिहून द्या की घड्याळं नीट लागली नव्हती. तुम्ही प्रमुख, शिवाय घरचे. तुमच्या सहीला वजन आहे. साक्षी बाद झालं की वाघदरा सुटलं, राज्य सुटलं. तुमची दोन वर्षं राहिलीत, सुखाने निवृत्त व्हा."

"आणि शैलजा?"

"अहो, बाईंना आता कुठली नोटीस येणार आहे?"

भानुदासांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "उद्या सांगतो," ते म्हणाले.

पाठारे गेल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली. बरोबर लाइनमन बिरू गावडे होता. बिरूला त्यांनी नकाशावरची जागा दाखवली. बिरू म्हणाला, "हे तर माळशिकारेंचं रान. तिथं काय बघायचं, साहेब?"

"बघू तर."

शेवटचे दोन किलोमीटर चिखलात पायी जावं लागलं. पोटरीएवढी ज्वारी होती. रानाच्या मधोमध टॉवर उभा होता. मोठ्या लाइनीचा सत्तावीस नंबरचा टॉवर. पाठाऱ्यांनी कागदाच्या नकाशावर केंद्रं बघितली होती. टॉवर त्या नकाशावर नव्हते, आणि पुण्याच्या खुर्चीतून ज्वारी दिसते, टॉवर दिसत नाही.

बिरूने वर पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "मधल्या फेजच्या डिस्का बघा. काळ्याठिक्कर."

तार टांगायच्या चिनी मातीच्या डिस्कांची अख्खी माळ भाजली होती. दोन फुटल्या होत्या, तुकडे ज्वारीत पडले होते. वीज इथेच पडली होती. बिरूने मोबाइलवर जागेचे आकडे काढले आणि अहवालाच्या आकड्यांशी जुळवले. फरक चाळीस मीटरचा.

"चार देशांतनं शोधून माळशिकारेंच्या रानातला खांब काढला की बाईंनी," बिरू म्हणाला. "आम्हाला तर पेट्रोलिंगला आठ दिवस लागले असते."

भानुदास बांधावर बसले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांची छाती भरून आली ती दुःखाने नव्हे. दार्जिलिंगपासून चितगावपर्यंतच्या शाळांतल्या पेट्या, कुठली फळ्यामागे, कुठली खिचडीच्या खोलीत, आणि त्या सगळ्यांनी मिळून या एका खांबावर बोट ठेवलं होतं. हिने एवढं नेमकं काम केलं होतं आणि आपण तिला विचारायचो, जेवायला किती वाजता येशील.

मग दुसरी गोष्ट हळूहळू डोक्यात उतरली. टॉवर सापडला असं सांगितलं की शैलजा खरी ठरते. पण मग पुढचा प्रश्न येणारच. वीज पडली, लाइन गेली, इथवर ठीक. एका लाइनीने चार देश कसे विझले? वाघदऱ्याची यंत्रणा काय करत होती?

त्या प्रश्नाचं उत्तर फक्त दोघांना ठाऊक होतं.

"बिरू, फोटो काढ," ते म्हणाले. "आकडे दिसतील असे काढ."

संध्याकाळी त्यांनी रझियाला बोलावलं. ती वही घेऊनच आली. पानावर त्यांच्याच अक्षरात चार-दहाची नोंद होती. त्याखाली परत फिरवल्याची ओळ नव्हती.

"मी पण ड्युटीवर होते, साहेब," रझिया म्हणाली. "माझ्या डोळ्यासमोर स्विच होता. दोघांचं नाव द्या."

"स्विच फिरवतो त्याने परत फिरवायचा. हा नियम तुला मीच शिकवला."

"तुम्ही त्या दिवशी..."

"त्या दिवशी माझं काय झालं ते सहवीज मंडळाच्या चौकशीत लिहायचं कारण नाही. पाच बेचाळीसला तू काय पाहिलंस ते फक्त खरं सांग. पान फाडायला कुणी आलं तर वही देऊ नको."

रझिया उठली, दाराशी थांबली. "पाठारेसाहेब जाताना वही मागत होते. मी सांगितलं, सापडत नाही. म्हटलं, पूजेच्या सामानात गेली असेल."

भानुदास हसले. मग त्यांनी कोल्हापूरला मुलीला फोन लावला. ईश्वरी तिथे महाविद्यालयात शिकवायची. त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, हार घातलेल्या फोटोचं सोडून.

ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे आईच्या यंत्राने तुम्हालाच पकडलं."

"हो."

"आणि ते म्हणतायत की यंत्रच खोटं आहे म्हणा."

"हो."

"मग तुम्ही मला विचारताय का, काय करू म्हणून?"

"विचारत नाही. सांगतोय. परवा चौकशीसाठी सिलीगुडीला जाणार. मग टीव्हीवर नाव येईल. तुझ्या कॉलेजात लोक बोलतील, म्हणून आधी कळवलं."

"बोलू देत," ईश्वरी म्हणाली. "पण आरती सोडून तुम्ही यार्डात कशाला गेलात? मला तेवढंच कळत नाही."

"पाऊस बघायला," ते म्हणाले. त्यांनी मुलीला सांगितलेलं गेल्या कित्येक वर्षांतलं ते एकच खोटं.

सहवीज मंडळाचं मुख्यालय सिलीगुडीत आहे, कारण तिथून चारही देश काही तासांवर आहेत. चौकशी समितीत चार जण होते. अध्यक्ष बांगलादेशच्या तहमीना हक. शेजारी नेपाळचे लोकेंद्र घिमिरे, भूतानचे सोनम दोर्जी आणि भारताकडून एक निवृत्त अधिकारी. पाठारे मागच्या रांगेत होते. बोलणं हिंदीत चाललं.

भानुदासांनी टॉवरचे फोटो समोर ठेवले. "अहवालात अकरा किलोमीटरची चूक आहे असं म्हटलंय. ती चूक नाही. धक्का उपकेंद्रातून निघालाच नव्हता. तो सत्तावीस नंबरच्या टॉवरवरून निघाला, आणि साक्षीने टॉवरच दाखवला. फरक चाळीस मीटर. नेपाळचं केंद्र त्यानंतर चौदा सेकंदांनी बाहेर पडलं. त्यांनी बरोबर केलं, मीही तेच केलं असतं."

तहमीना हक म्हणाल्या, "एका टॉवरने एवढा अंधार होत नाही, येलमारसाहेब."

"नाही होत. आमची भार तोडणारी यंत्रणा टेस्टवर होती. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, नारळ फोडतात. हादऱ्याने रिले पडू नये म्हणून स्विच फिरवून ठेवतात. तो मी फिरवला आणि परत फिरवायला विसरलो. दीड तास. ही वही. चूक माझी एकट्याची आहे. कुठल्या देशाची नाही, यंत्राची तर नाहीच नाही."

तहमीनाबाईंनी वही पाहिली, पुढे सरकवली. मग विचारलं, "साक्षी ज्यांनी केलं त्या शैलजा येलमार आपल्या कोण?"

"बायको."

घिमिऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे नोंदीत घ्या किंवा घेऊ नका. आमच्याकडेही नवमीला टर्बाइनची पूजा असते. आम्हीही तो स्विच फिरवतो. गेल्या वर्षी माझ्या केंद्रात तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरवला. त्या वेळात वीज पडली नाही, एवढाच फरक."

तहमीना हक म्हणाल्या, "आमच्याकडे जनित्राचा नवीन सेट सुरू करताना मिलाद असतो, दुवा मागतात. लाउडस्पीकर पॅनलला टेकवून ठेवतात. स्विच फिरवतातच."

सोनम दोर्जी म्हणाले, "तुमचं बरं आहे. आमच्याकडे लामा येतात. ते तीन तास उठत नाहीत."

पहिल्यांदा सगळे हसले, आणि मागे बसलेले पाठारेही. भारताचे निवृत्त अधिकारी म्हणाले, "म्हणजे कायद्याने एक व्हायच्या आधी आपण चुकीत एक होतोच."

भानुदास मात्र हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर पेन्सिलीने काढलेलं चित्र पुढे केलं. "पूजा थांबवून काही होणार नाही, लोक ऐकणार नाहीत. स्विच बदला. टेस्टवर घेतला की अर्ध्या तासाने आपोआप परत येणारा. आत स्प्रिंग आणि घड्याळ, दुसरं काही नाही. माणूस विसरला तरी तो विसरणार नाही."

घिमिऱ्यांनी कागद उचलला. "याचा एक फोटो घेऊ?"

"कागदच ठेवा."

बाहेर व्हरांड्यात पाठारे भेटले. त्यांनी हात पुढे केला नाही, पण वाटही अडवली नाही. "येलमार, तुम्ही स्वतःचं वाटोळं करून घेतलंत."

"हो, सर. पण घड्याळं बरोबर लावली होती ना तिने?"

पाठारे म्हणाले, "चाळीस मीटर." आणि थोडं थांबून, "साडेसतराशे किलोमीटरच्या जाळ्यात चाळीस मीटर. मी पस्तीस वर्षांत असं काम पाहिलं नाही."

भानुदासांना हे ऐकायचं होतं. ते गाडीत बसेपर्यंत ताठ चालले.

मतदानाच्या आदल्या दिवशी नेपाळच्या संसदेत कुणीतरी ती वही आणि तो टॉवर यांचा दाखला दिला. ज्या करारात एक माणूस आपल्या देशाची चूक आपल्या सहीने सांगू शकतो आणि त्याच्या बायकोचं यंत्र ती आधीच सांगून बसतं, तो करार मोडायचा कशाला, असं ते सदस्य म्हणाले. आपल्या मंत्र्यांनी शब्द फिरवले, पण मत दिलं. करार कायमचा झाला. पुढच्या वर्षी श्रीलंकेनेही समुद्राखालून केबल टाकून जोडून घ्यायचं ठरवलं, आणि अर्ज करताना पहिली अट घातली ती साक्षीची. दोनशे पेट्या आधी आमच्या शाळांत लावा, मग केबल.

भानुदासांचं प्रमुखपद गेलं. तीन महिने निलंबन झालं, दोन वेतनवाढी गेल्या. उरलेली दोन वर्षं त्यांना प्रशिक्षण केंद्रात नेमलं. तिथे चारही देशांतली मुलंमुली येतात. पहिल्या तासाला ते स्वतःची चूक सांगतात, तारीख-वेळेसकट. एखादा चितगावचा किंवा थिंफूचा मुलगा विचारतो, सर, तुम्हाला लाज नाही वाटली? ते म्हणतात, वाटली. पण मी ज्या यंत्राच्या तावडीत सापडलो ते माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार झालं होतं. लाज एका बाजूला, आणि तो मान एका बाजूला. मान जास्त भरतो.

आपोआप परत येणारा स्विच नेपाळने सहा महिन्यांत सगळ्या केंद्रांत बसवला. भूतानने वर्षभरात. बांगलादेशने तो स्वतःच्या कारखान्यात बनवायला घेतला आणि आता तिथूनच सगळीकडे जातो. आपल्या राज्यात एकशे चाळीस उपकेंद्रांत तो बसवायचा आहे. निविदा दोनदा निघाली, दोनदा रद्द झाली. वाघदऱ्यात अजून जुनाच स्विच आहे.